उचलणारी

वेनिंगने सूप उकिरड्याच्या कडेला ठेवलं, हलवून बघितलं, कलंडत नाही ना याची खात्री केली आणि बाळाच्या मानेखालची दुपट्याची घडी पुन्हा एकदा सारखी केली.

"पुरे गं न्दुक, पुरे पोरी," सासू मागून म्हणाली. "टाकून द्यायचंय त्याला. टाकून देताना कुणी उशी देतं का?"

"ऊन येईल तोंडावर."

"येऊ दे. तुझा नाहीये तो आता."

बाळ आठ महिन्यांचं होतं. वर केळीचं पान हलत होतं, त्याच्याकडे बघून ते पाय झाडत होतं. वेनिंगने कुत्री कुठे आहेत ते पाहिलं. नव्हती. मग ती वळली आणि सासूच्या मागोमाग वरच्या बांबूच्या बेटाकडे चालू लागली. वळून बघायचं नाही, हे सासूने रात्रीच बजावलं होतं.

बाळाला तापात दोनदा आकडी आली होती. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना होतं असं, मोठेपणी आपोआप जातं. वेनिंगनेही तेच वाचलं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी, वाचल्यावाचून तिला चैन पडत नसे. पण दुसऱ्या वेळी ओठ निळे पडले, तेव्हा वाचलेलं काहीच आठवलं नाही. सासूचं निदान मात्र पहिल्या दिवसापासून एकच होतं. बापलेकाचा जन्मवार एकच, शनिवार-पहिंग, म्हणजे वारही तोच आणि पाच दिवसांच्या बाजारचक्रातला दिवसही तोच. असे दोघे एका छपराखाली मावत नाहीत. एक राहतो, एक जातो. उपाय ठरलेला. मूल उकिरड्यावर टाकायचं, दुसऱ्या बाईने ते आपलं म्हणून उचलायचं, आणि मग तिला नावापुरतं काहीतरी देऊन ते विकत घ्यायचं. उचलणारीचं नशीब मुलाला लागतं.

मुस्तकीम, वेनिंगचा नवरा, मदरशात धर्म शिकवायचा. "देवाने जे ठरवलंय त्यात लबाडी करायची?" तो रात्री म्हणाला होता. "मी पोरांना वर्गात हेच करू नका म्हणून सांगतो." सकाळी मात्र त्याने बूट लवकर चढवले. "आज मी आधीच निघतो. मला कुणी काही सांगू नका." दारातून परत आला, वाकून बाळाच्या टाळूचा वास घेतला आणि गेला.

बेटामागे दोघी पाठ करून उभ्या राहिल्या.

"इबू," वेनिंग सासूला हळूच म्हणाली, "वरच्या गुस्तीला, देवाला, तर सगळं दिसतं ना? मग आपण फसवतोय कुणाला?"

"गुस्तीला कोण फसवतंय? तो वरून बघतो आणि हसतो. फसवायचं ते खालच्यांना, न्यायला येतात त्यांना. त्यांच्याकडे नुसता पत्ता असतो."

"पण त्यांना पाठवतो तोच ना? का पाठवतो?"

"ते तुझ्या नवऱ्याला विचार. त्याला त्याचा पगार मिळतो."

वेनिंगला हसू आलं, आणि हसू आल्याची भीतीही वाटली.

उचलायला बू हार्तिनी येणार होत्या. सहा मुलं, सहाही धडधाकट. एकाला साधा गोवर नाही. सासूने गावातल्या सगळ्या बायका मनात चाळून त्यांना निवडलं होतं. त्या बाह्या सरसावून आल्या, सुपाकडे निघाल्या आणि मध्येच थबकल्या.

"अगंबाई! खराटा!"

उचलण्याआधी मूल आपल्या घरच्या खराट्याने झाडून घ्यायचं असतं.

"काय हे, हार्तिनी!" सासू न वळता ओरडली.

"आले, आले! तो कुठे जातोय पळून?"

त्या घराकडे धावल्या. वेनिंग उभी राहिली. बाळाची रडणी तिला पाठ होती, भुकेची, झोपेची, कुणी नको असल्याची. आता जे रडणं ऐकू आलं ते यांतलं नव्हतं. ती वळली.

उकिरड्यापाशी रुमियाती उभी होती. तिची पाटी आडवी पडली होती, टेंपेच्या आंबवलेल्या वड्यांसाठी भिजवलेल्या सोयाबीनची सालं वाटेवर सांडली होती. बाळ तिच्या खांद्यावर होतं आणि ती त्याच्या पायावर फुंकर घालत, चिमटीने काहीतरी वेचून वेचून झटकत होती.

"या अल्लाह," सासू म्हणाली. "हीच?"

सात वर्षांपूर्वी भूकंप झाला, तेव्हा रुमियाती पहाटेची नमाज आटोपून मशिदीत कुराण वाचत बसली होती. घरात दोन मुलं झोपलेली होती. भिंत त्यांच्यावर आली. अर्धं गाव म्हणालं, नमाजेने तिला वाचवलं. उरलेलं अर्धं गाव तिच्यासमोर काही म्हणत नसे. तिला मात्र कुणी कधी काही विचारलं नव्हतं. बारशाला कुणी तिच्या हातात मूल देत नसे. टेंपे मात्र सगळे तिचंच घेत.

रुमियातीने सूप पाहिलं. मग बेटाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"मला दिसलं नाही हो सूप," ती तिथूनच म्हणाली. "मुंग्या दिसल्या. लाल मुंग्या. पायावर चढल्या होत्या."

वेनिंगने ऊन पाहिलं होतं, कुत्री पाहिली होती, सूप हलवून पाहिलं होतं.

"ठेव त्याला खाली!" सासू म्हणाली. "ठेव, आणि जा तू. आम्ही पुन्हा सगळं नीट करतो."

"ठेवते, इबू."

रुमियाती वाकली. सुपात मुंग्या होत्या. तिने बाजूची जागा पाहिली, मग त्याच्या पलीकडची. बाळाला घेऊन ती तशीच अर्धी वाकून राहिली.

तेवढ्यात हार्तिनी खराटा घेऊन आल्या. "अगं, माझं पोर पळवलं कुणी?" त्या हसत म्हणाल्या, आणि कुणी ते दिसल्यावर हसू तिथेच राहिलं.

सासूने वेनिंगचं मनगट धरलं. "तू काही बोलू नकोस. जिला स्वतःची राखता आली नाहीत..."

वेनिंगच्याही मनात तेच आलं होतं. ते दोन्ही पोरगे तिला आठवत नव्हते, भिंत मात्र आठवत होती. ठेव म्हणावं, लवकर ठेव म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

"इबू, हार्तिनींना आपण सांगून आणलं," ती म्हणाली. "यांना कुणी पाठवलं?"

"सैतानाने पाठवली असेल!"

"आणि मुंग्या?"

सासूने मनगट आणखी घट्ट धरलं. ते वेनिंगला स्वतःच सोडवून घ्यावं लागलं.

ती वाट उतरून खाली आली. हार्तिनींनी खराटा पाठीमागे धरला. वेनिंग रुमियातीसमोर उभी राहिली, आणि जे हार्तिनींना विचारायचं म्हणून घोकून ठेवलं होतं ते तिला विचारलं.

"बू, हे मूल कुणाचं?"

रुमियातीने तिच्याकडे बघितलं, मग वर बेटाशी उभ्या असलेल्या म्हातारीकडे. बाळाने तिच्या डोक्यावरच्या ओढणीचं टोक मुठीत धरून तोंडात घातलं होतं.

"अशी चेष्टा करू नये, न्दुक."

"चेष्टा नाही. कुणाचं आहे?"

रुमियातीने ओढणीचं टोक बाळाच्या तोंडातून हळूच सोडवलं.

"सापडलंय मला," ती म्हणाली.

"मला विकत द्याल?"

हो म्हणायचं असतं. किंमत सांगायची असते. रुमियातीने बाळाचा पाय तळहातावर घेतला. घोटा सुजून लाल झाला होता.

"आधी याचा पाय धुते," ती म्हणाली. "मग बघू."

आणि ती निघाली. पाटी तशीच पडलेली, सालं तशीच. सासू वरून काहीतरी ओरडली. नवीन भिंतींच्या त्या छोट्या घराचं दार तिने कोपराने ढकललं आणि बाळाला घेऊन आत गेली.

वेनिंग मागे मागे आली. आत मडक्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला. बाळ थांबून थांबून रडत होतं. दार उघडंच होतं. दोन पावलांत तिला बाळ उचलता आलं असतं. तिने चपला काढल्या, उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिली आणि परक्या घराच्या दारात म्हणतात ते म्हणाली,

"कुलानुवुन. आत येऊ का?"

मग आतून उत्तर येण्याची वाट बघत थांबली.