बाभळीचा जिल्हा

येळवशीला, रानातल्या पूजेच्या अवसेला, आंबिलीच्या मडक्यासोबत अप्पांनी कुऱ्हाडही रानात आणली.

"पूजा झाली की बाभूळ पाडतो," ते म्हणाले. दुष्काळानं ज्वारीची कणसं करंगळीएवढी, त्यातलेबी दाणे चिमण्या टिपायल्या. चिमण्या बसतात बाभळीवर. झाड गेलं की चिमण्या गेल्या!

मी रडले न्हाई. यंदा मी रडत नसते, बोलत असते. "अप्पा, लातूर नवा जिल्हा झाला ना, तसा ह्या बाभळीचाबी हाय. बुडाशी मुंगळ्यांचा तालुका, ढोलीत सरड्याची कचेरी..."

"आन् कलेक्टर तू व्हय गं, शिवकन्ये?" माझी आय, अव्वा, हसली.

"हाव!"

"मग कलेक्टरीणबाई, उन्हं कलंपर्यंत मुदत," अप्पा म्हणाले.

कडबा जनावरांनाच पुरेना, तर पूजेची कोप, कडब्याची खोपटी, कशाची घालणार? चुना लावलेले पाच दगड, म्हंजे पाच पांडव, आम्ही बाभळीच्या बुंध्याशीच मांडले. जेवून मी तिथंच आडवी झाले. सावली पाण्यासारखी हलत होती, मी तिच्यावर तरंगत होते. वरून पान गळलं. ते वाळवी खाणार, वाळवीची माती होणार, मातीतून मुळी प्यायला खाली खाली जाणार... त्या मुळीसंगं मीही खाली चालले होते. गार, काळ्या अंधारात कुठंतरी ओल होती.

"शिवे, ऊठ! बघ!"

अव्वानं रिवाजाप्रमाणं हरभऱ्याच्या कडेनं भात आणि मिसळ भाज्यांची भज्जी टाकली होती. बाभळीवरून साळुंक्या उतरल्या, भात संपवला आणि तशाच हरभऱ्यात शिरल्या. एकीच्या चोचीत हिरवी अळी वळवळत होती.

अप्पा वाकून घाटे चाचपत गेले. लांबच्या घाट्यांना भोकं होती. बाभळीजवळचे भरलेले होते.

"आन् चिमण्यांचं काय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"त्या ज्वारी खातेतच. खोटं कशाला बोलू?"

"मग शाळेआधी येऊन तू हाकायच्या."

शेळीसाठी खालची एक फांदी तेवढी त्यांनी तोडली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी ज्वारीत डबा बडवून बडवून ओरडले. वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायला गेले, तर घशातून नुसतं चिंव निघालं. सगळा वर्ग खदखदून हसला. मीबी.