धक्क्यावर वाजलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. अंगभर पोचे आहेत, झाकण केव्हाच हरवलं आहे, आणि माझ्यावर रंगवलेल्या गुलाबांपैकी आता एकच कसाबसा तग धरून आहे. कारखान्यात मला बिस्किटांसाठी घडवलं. दुकानाच्या फळीवर मी मोठ्या तोऱ्यात बसायचो. बिस्किटं संपली आणि तळ्याकाठच्या एका घरात मी दाण्यांचा डबा झालो. आधी ते मनाला फार लागलं. पण पुढे तिथे माझी जी वट वाढली, ती बिस्किटांच्या काळातही नव्हती.

घरमालकीण निवृत्त नर्स. तिच्याकडे राहायला आलेली बारा वर्षांची भाची तिला मावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणतो. उजाडलं की मावशी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर उभी राहून माझ्यावर पळीने तीन टोले द्यायची. लगेच खुराड्यातली बदकं कलकलाट करत यायची, तळ्यातली रानबदकं काठाला लागायची, मांजर खिडकीतून नाक मुरडायची. सगळ्यांत शेवटी यायचा म्हातारबा, आमचा कुत्रा. त्याचे दोन्ही डोळे गेले होते. माझ्या आवाजाच्या रोखाने तो अंगणातून सरळ चालत यायचा, पुढचा पाय उचलून पायरीवर ठेवायचा आणि वाडग्यात तोंड घालायचा. म्हणून घरात एक सक्त नियम होता. डबा वाजवायचा तो पायरीवरच.

भाचीला हा नियम ठाऊक होता. पण तिला रानबदकं अगदी जवळून पाहायची होती आणि ती काठाच्या वर काही येत नसत. एका धुक्याच्या सकाळी मावशी अंघोळीला गेली, म्हातारबा ओसरीवर झोपला होता. भाचीने मला उचललं, लाकडी धक्क्याच्या टोकाला नेऊन ठेवलं आणि तीन टोले दिले. मीही मूर्खासारखा खणखणीत वाजलो.

ती वाकून पाण्यात बदकं शोधत होती. मागे फळ्यांवर नखं वाजली. म्हातारबा शेपूट हलवत नाकासमोर चालत येत होता.

"थांब, म्हातारबा, थांब," ती म्हणाली. ओळखीचा आवाज ऐकून त्याने पाय उचलला. तिने झेप घेतली, पण हाती नुसते केस लागले. पायरी आली असं समजून त्याने पुढचा पाय टाकला. पुढे पायरी नव्हती.

पाण्याचा आवाज झाला आणि तो धुक्यात दिसेनासा झाला. भाची घाबरून मला बडवू लागली. तो वळून आलाही, पण धक्का पाण्यापासून पुरुषभर उंच. खांबांवर त्याची नखं खरवडत आणि निसटत होती.

मावशी ओल्या केसांनी दारात आली. एका नजरेत तिला सगळं कळलं.

"तिथे वाजवू नकोस. तो तिथेच घुटमळत दमून जाईल. होडी ओढायच्या उतारावर ये, आणि तोवर अजिबात आवाज करू नकोस."

"पण मावशी, तो..."

"गप्प धाव."

माझ्या पोटातले दाणे खुळखुळू नयेत म्हणून भाचीने मला छातीशी घट्ट धरलं. मित्रांनो, मला माझ्या आवाजाचा फार गर्व होता. त्या धावण्यात गप्प राहणं माझ्या जिवावर आलं. मागे पाण्याचा आवाजही थांबला होता.

उतारावर तिने तीन टोले दिले. काही नाही. पुन्हा तीन. आधी आली ती भुकेली रानबदकं, तिला हवी होती तितकी जवळ. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. गुडघाभर पाण्यात उतरलेली मावशी त्यांना हाताने हाकलत म्हणाली, "वाजवत राहा. एका लयीत."

किती वेळ वाजलो कोण जाणे. मग धुक्यातून नुसतं एक नाक दिसलं, पाण्याच्या जेमतेम वर. मावशी छातीभर पाण्यात गेली आणि तिने त्याला कवेत घेतलं.

स्वयंपाकघरात त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मावशी बराच वेळ त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "जगेल."

भाचीला रडू फुटलं. "मला वाटलं तो झोपलाय."

"झोपलाच होता. तू बोलावलंस म्हणून आला."

दुसऱ्या दिवशी मावशीने पळी भाचीच्या हातात दिली. पायरीवर तीन टोले पडले. ओसरीवर म्हातारबाने कान टवकारले, पण तो उठला नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. भाची रोज वाजवायची, वाट पाहायची आणि शेवटी वाडगा उचलून त्याच्यापाशी नेऊन ठेवायची. बदकं गर्दी करायची, पण मला त्यांचं काही वाटेनासं झालं होतं.

पाचव्या दिवशी तो उठला. मित्रांनो, कुणी तुमच्या आवाजावर भरवसा ठेवून येत असेल, तर हाक मारण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते पाहा. माझं एवढंच मागणं आहे. म्हातारबा आता रोज येतो. पण पूर्वी सरळ यायचा, आता दर पावलाला आधी पुढच्या पायाने जमीन चाचपतो. भाची पळी खाली ठेवून थांबते आणि त्याला घाई कर म्हणत नाही.