'केव्हा'चा रकाना

माझा मेव्हणा विमान उडवतो आणि मी ते दुरुस्त करतो. एका कुटुंबात असे दोघे असू नयेत, असं माझी बायको म्हणते. तिला तो हक्क आहे, कारण ती त्याची ताई आहे आणि आम्हा दोघांनाही जेवायला वाढते.

विमान छोटं, एका इंजिनाचं. लांबलांबच्या दवाखान्यांत औषधं पोचवायचं त्याचं काम. मेव्हणा संध्याकाळी ते हँगरपाशी लावतो, तक्रारवहीत ओळभर लिहितो आणि घरी जातो. मी सकाळी येऊन ओळ वाचतो, तपासतो, खाली उत्तर लिहून सही करतो. तोंडाने बोलायची वेळच येत नाही, आणि आमच्या नात्याच्या तब्येतीला ते मानवतंही.

त्या सोमवारी त्याने लिहिलं, "इंजिन चालू होताना त्रास देते." मंगळवारी सकाळी मी किल्ली फिरवली, तर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. बॅटरी पाहिली, प्लग पाहिले, आणि लिहिलं, "तपासले. दोष आढळला नाही." संध्याकाळी मेव्हणेसाहेबांची ओळ आली, "अजूनही त्रास देते. नीट तपासावे."

हे 'नीट' माझ्या डोक्यात गेलं. सव्वीस वर्षं मी या हँगरमध्ये हात काळे केलेत. हा पाळण्यात होता तेव्हा मी इंजिनं उघडत होतो. बुधवारी तासभर पुन्हा सगळं बघितलं. इंजिन शहाण्या मुलासारखं चाललं. मी लिहिलं, "दोष आढळला नाही. इंजिन त्रास देत नाही, चालवणारा देत असावा." लिहिताना फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

तेव्हापासून मेव्हण्याने अबोला धरला. मी समोर आलो की तो आभाळाकडे बघायचा. वैमानिक असल्यामुळे कुणाला संशयही यायचा नाही.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने लिहिलं, "इंजिन चालू होत नाही. तिसऱ्यांदा लिहीत आहे." खाली दोन रेघा. त्या पाहून मात्र मी माझ्या आधीच्या नोंदी मोजल्या, दोन झाल्या होत्या. आमच्याकडे नियम आहे, एकाच तक्रारीवर तीनदा 'दोष आढळला नाही' लिहिलं, की त्या मेकॅनिकचा सहीचा अधिकार काढून घेतात. सही गेली की मी या वयात दुसऱ्याच्या हाताखाली पाने-पकडी पुसणार. शनिवारी दुपारपर्यंत धडपडलो. इंजिन दरवेळी हसतमुखाने सुरू. आमच्या हँगरच्या मुख्य बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सोमवारी सकाळी काय ते लिहा. तोवर विमान जागेवरच."

रविवारी मेव्हणा नेहमीसारखा आमच्याकडे जेवायला आला.

"ताई, भाऊजींना सांग, मीठ इकडे सरकवा."

"त्याला सांग, आधी नीट तपासून घे. मीठच आहे ना ते."

बायकोने डाव खाली ठेवला. ती लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे. कुठे दुखतंय हे न सांगता नुसतं भोकाड पसरणाऱ्यांशी तिचा दिवसभर संबंध येतो. "काय लिहिलंय दोघांनी, दाखवा मला," ती म्हणाली. मी फोनवर वहीच्या पानाचा फोटो काढला होता, तो पुढे केला. माझी ती ओळ वाचून तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी भाताकडे पाहिलं.

"इथे 'केव्हा' असा रकाना आहे. त्यात तारीख का टाकली आहेस रे?"

"केव्हा म्हणजे तारीखच ना!" आम्ही दोघं एकदम म्हणालो. चार दिवसांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. खरं तर त्या वहीत पहिल्या पानापासून सगळ्यांनीच तिथे तारीख टाकली आहे.

"आमच्याकडे एखादी आई येते, म्हणते, पोराचं पोट दुखतं. मी विचारते, केव्हा? तिने 'बारा तारखेला' म्हणून सांगितलं तर डॉक्टर काय डोंबल औषध देणार? उपाशीपोटी दुखतं की जेवल्यावर, ते नको कळायला?" मग ती भावाकडे वळली. "तुझं इंजिन केव्हा रुसतं?"

मेव्हणा विचारात पडला. "जेवल्यावर," तो म्हणाला. "म्हणजे, दवाखान्यापाशी उतरतो, औषधं उतरवायला वीसेक मिनिटं जातात. मग सुरू करायला गेलं की होत नाही. तासभर थांबलं की होतं. सकाळी कधीच त्रास नसतो."

"मग हे लिहिलं का नाहीस?"

"भाऊजींना न सांगता कळेल असं वाटलं. त्यांना कळतंच नेहमी."

टोमणा असेल म्हणून मी वर पाहिलं. तो टोमणा नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गरम इंजिनाबद्दल सांगत होता आणि मी रोज सकाळी रात्रभर गार झालेलं इंजिन तपासत होतो.

"हात धू," मी म्हणालो. "निघू या."

हँगरबाहेर अर्धा तास इंजिन चालवलं, बंद केलं, वीस मिनिटं दोघं चाकापाशी बसलो. मग त्याने किल्ली फिरवली. पंखा नुसताच फिरत राहिला. एखादं इंजिन सुरू न झाल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. ठिणगी देणारा मॅग्नेटो उघडला, तर आतल्या गुंडाळीला केसाएवढी चीर. गरम झाली की उघडायची, गार झाली की मिटायची. नवी गुंडाळी बसवली आणि पुन्हा तोच सगळा खेळ केला. या वेळी इंजिन गरम असूनही पहिल्या झटक्यात सुरू झालं.

सोमवारी मी लिहिलं, "दोष आढळला. दूर केला." सही केली. सही शाबूत राहिली.

पण वर बुधवारची ओळ होतीच. आमच्या वहीत खोडाखोड चालत नाही. चुकलेल्या नोंदीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. मी 'चालवणारा देत असावा'वर पट्टी धरून रेघ मारली आणि सही केली.

मुख्य बाईंनी पाहिलं. "ही सही कसली?"

"चुकीची नोंद, बाई."

"इंजिनाबद्दलची?"

"मेव्हण्याबद्दलची."

मंगळवारी सकाळी वही उघडली. तक्रार, काही नाही. केव्हा, तर "उतरल्यावर वीस मिनिटांनी, चारही दवाखान्यांत." आणि गेल्या मंगळवारच्या ओळीतल्या 'नीट'वर एक सरळ रेघ होती, शेजारी त्याची सही.