गौरीची सुट्टीतली पुस्तकं

सुचेता पुण्याहून आली ती पुस्तकांचा गठ्ठा घेऊनच. माझ्या जेवणाच्या टेबलावर तो ठेवत म्हणाली, "अक्का, सिद्धीच्या समर रीडिंगची सोय झाली. नीट चौकशी करून घेतलीयत हं सगळी. सहा ते आठ वयोगट."

मी वरचंच पुस्तक उघडलं. त्यात एक मुलगा पहाटे उठत होता, दात घासत होता, थोरामोठ्यांच्या पाया पडत होता, आणि शेवटी प्रश्न होता, 'या गोष्टीवरून तुम्ही काय शिकलात?' दुसऱ्या पुस्तकात एक मुलगी होती, तीही हेच सगळं करत होती. मला पहाटे उठण्याचा जन्मापासून तिटकारा, त्यामुळे माझं मत तिथंच बनलं. तोंडाने मात्र मी "छान आहेत हो" म्हणाले.

सुचेता आणि शुभंकर आमचे शेजारी, इथले कानडी मुलखातल्या के. आर. पुरमचे. दोघंही कंप्युटरवाले. सकाळी कंपनीची बस पकडायची आणि घरी यायचं ते दिवे लागल्यावर. त्यामुळे शाळेला सुट्टी लागली की साडेसहा वर्षांची सिद्धी दिवसभर माझ्याकडे असायची. आम्ही मूळचे बेळगावकडचे, पण आमच्या ह्यांची, वासुदेवांची, रेल्वेतली नोकरी इथं सुरू झाली आणि आम्ही इथलेच झालो. सगळी गल्ली मला अक्का म्हणते, म्हणून सिद्धीही म्हणायची. "काकू म्हणावं गं," असं सुचेता सांगून सांगून दमली, आणि शेवटी तीही अक्काच म्हणायला लागली.

सिद्धीचं मराठी वाचन हा त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, चेष्टेचा विषय राहिला नव्हता. शुभंकरची आई, माई, पुण्याहून फोनवर कडाडली होती. "अक्षय तृतीयेला येतेय मी. पोरीला मराठी वाचता येत असेल तर ठीक. नाहीतर जूनपासून माझ्याकडे राहील, इथल्या शाळेत घालते. ना धड मराठी, ना धड कानडी, असं नको व्हायला." यावर शुभंकर काय म्हणाला? "आई म्हणतेय तर बघू." या एका वाक्यावर त्याचा सगळा संसार चालतो. सुचेता माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली आणि डोळे पुसून ऑफिसला गेली.

आता माझं सांगते. मला मूलबाळ नाही, आणि त्याचं दुःख उगाळत बसायची सवयही नाही. पण जिन्यावर त्या पोरीच्या चपला वाजल्याशिवाय माझी सकाळ सुरू होत नसे. ती पुण्याला गेली असती तर मला ते सोसलं नसतं. तेव्हा मी पुढे जे उद्योग केले ते परोपकार म्हणून केले असं कुणी समजू नये.

अडचण अशी होती, की सिद्धीला अक्षरं सगळी येत होती. सुचेताने फ्रिजवर बाराखडीचा तक्ता चिकटवला होता. पण सुटी सुटी अक्षरं ओळखणारी पोरगी ओळ समोर आली की मुकी व्हायची. पहाटे उठणारा मुलगा मी तिच्यापुढे ठेवून पाहिला. तिने पहिली ओळ अर्धी वाचली, जांभई दिली आणि विचारलं, "अक्का, स्वल्प खायला देता?"

त्या दिवसांत आमच्याकडे चैत्रगौर बसली होती. पितळेची बोटभर उंचीची गौर, छोट्या पाळण्यात. समोर पायऱ्यापायऱ्यांची आरास, त्यावर फळं, लाकडी खेळणी, काचेचे हत्ती. आमच्याकडे रीत अशी, की आराशीत मांडलेली वस्तू गौरीची. अक्षय तृतीयेला ती परत जाईपर्यंत त्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. वासुदेवांनी एकदा आराशीतला चिक्कू उचलला होता, त्यावरून मी त्यांच्याशी अबोला धरला होता.

लाडू खात सिद्धी पाळण्यासमोर बसली होती. म्हणाली, "ही इथे काय करते सगळा दिवस?"

"काय करणार? माहेरी आलीय महिनाभर. झोके घेते, खाते, झोपते."

"म्हणजे सुट्टी?"

"सुट्टीच."

सिद्धीने डोळे बारीक केले. "मग तिला समर रीडिंग नाही?"

खरं सांगते, मला इतकं हुशारीचं काही सुचलं नसतं. पण आयतं आलेलं कोण सोडतो? मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "अगंबाई, राहूनच गेलं की! कोण निवडणार आता तिच्यासाठी पुस्तकं? मला तर तिची आवड कळत नाही."

"मी निवडते," सिद्धी म्हणाली.

सुचेताचा गठ्ठा आधी तपासला गेला. परीक्षक फार कडक होत्या. निवडायचं म्हणजे आत काय आहे ते बघायला हवं, म्हणून बाईसाहेब प्रत्येक पुस्तकाची एखादी ओळ धडपडत वाचायच्या, उरलेलं पान मी वाचायचं, आणि मग निकाल लागायचा. पहाटे उठणारा मुलगा नापास, कारण गौर सुट्टीवर आहे, तिला कशाला पहाटे उठवता? नमस्कार करणारी मुलगी नापास, कारण गौरीला सगळे नमस्कारच करतात, तिला त्यात काय मजा? एक थोर पुरुष तर अक्षर बारीक म्हणून बाद झाले. मागे प्रश्न असलेलं प्रत्येक पुस्तक सरळ खाली ठेवलं गेलं. "गौरीला होमवर्क देतं का कुणी?" सिद्धीने मलाच विचारलं. मी आतून फार खूश झाले.

सगळा गठ्ठा नापास झाल्यावर आम्ही बस धरून शिवाजीनगरला, पुण्याच्या नव्हे, इथल्याच, गेलो. तिथं बाजाराच्या मागच्या गल्लीत शेषगिरींचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. मराठी पुस्तकं आहेत का विचारल्यावर त्यांनी मान वर न करता "अल्ली नोडी" म्हणून कोपरा दाखवला. कोणा बदली झालेल्या कुटुंबाने विकलेला ढीग असावा. सिद्धी धुळीत फतकल मारून बसली. तिथं तिच्या हाताला एक पुस्तक लागलं. कव्हर फाटलेलं, नाव नाही, लेखक नाही. अक्षरं मात्र हरभऱ्याएवढी, आणि पहिल्याच पानावर शाळेच्या दारात बसलेली एक धिप्पाड म्हैस.

सिद्धीने बोट लावलं. "प-री-क्षे-च्या दि-व-शी..." मग थांबून माझ्याकडे पाहिलं. "म्हैस परीक्षेच्या दिवशी दारात बसली?"

"असं दिसतंय."

"मग मुलं आत कशी जाणार?"

"मला काय माहीत? गौरीसाठी आहे ना पुस्तक?"

बसमध्ये तिने दोनदा ते मागितलं. मी पिशवी घट्ट धरून बसले. घरी आल्यावर हळद-कुंकू वाहून मी ते पुस्तक मधल्या पायरीवर, काचेच्या हत्तीशेजारी ठेवलं. आता ते गौरीचं झालं. सिद्धीचा चेहरा असा झाला, की माझंच मन विरघळायला आलं होतं. पण मी बेळगावची आहे, अशी लगेच विरघळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती येण्याआधी मी पुस्तकात आंब्याचं एक पान घालून ठेवलं, दोन-चार पानांपुढे. सिद्धीने येताच ते पाहिलं.

"आय्यो! गौरीने वाचलं?"

"दिसतंय तरी तसं. रिकामी तर असते." मी भाजी चिरत राहिले.

त्यानंतर रोज सकाळी ते आंब्याचं पान थोडं पुढे सरकलेलं असायचं. सिद्धी पाळण्याशी तोंड नेऊन गौरीला विचारायची, "उठली का म्हैस? मास्तरांनी काय केलं?" गौर कुठली बोलतेय? मग पोरगी तासन्‌तास तिथं घुटमळायची आणि मला एकाएकी गच्चीवरच्या कुरडयांची फार काळजी वाटायला लागायची. मी वर जाऊन बसायचे आणि खाली यायच्या आधी जिन्यात मोठ्याने खोकायचे.

आठवडाभराने मी सकाळी पान सरकवायला गेले, तर ते मी ठेवलेल्या जागेच्या बरंच पुढे! आणि आतल्या ओळींखाली पन्ह्याच्या चिकट बोटांचे डाग, एका ओळीखालून दुसऱ्या ओळीखाली गेलेले. सुरुवातीला शब्दाशब्दाला डाग होते, पुढे पुढे ओळीला एखादाच. मी ते पुस्तक तसंच ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. कांदा चिरत होते असं वासुदेवांना सांगितलं.

सिद्धी आली तेव्हा मी म्हटलं, "गौर आजकाल भलतीच भराभर वाचतेय."

"हो ना," पोरगी पापणी न लववता म्हणाली. "आणि अक्का, तिला सांगा पन्हं पिऊन हात धुवायला."

मी तिच्यापुढे पन्ह्याचा पेला ठेवला. अशा गोष्टी बोलून घालवायच्या नसतात.

अक्षय तृतीया आली आणि माई आल्या. नऊवारी नाही की काठी नाही, कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स आणि निवृत्त मुख्याध्यापिकेची नजर. दुपारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, ओटीला भिजवलेले हरभरे. खोली बायकांनी भरली होती. शेजारची धनलक्ष्मी अगदी पुढे बसली होती. तिला मराठी जेमतेम कळायचं, पण तिला आमची डाळ फार आवडायची.

मी स्वयंपाकघरात पन्हं ओतत होते, तेवढ्यात माईंनी आरास 'नीट' केली. देवीपुढे असलं फाटकं पुस्तक, त्यात म्हशीचं चित्र, हे त्यांना बघवलं नाही. त्यांनी ते उचलून पर्सखाली सरकवलं आणि त्या जागी पहाटे उठणारा मुलगा उभा केला. मी बाहेर आले तर तो मुलगा गौरीपुढे हात जोडून उभा! माझं डोकं असं तापलं, की हातातला पन्ह्याचा पेला मी धनलक्ष्मीला न देता स्वतःच पिऊन टाकला.

माईंनी मग तेच पुस्तक उचललं आणि नातीपुढे धरलं. "ये सिद्धी. वाचून दाखव बघू."

सिद्धीने ओठ मिटून घेतले.

"अगं, एक ओळ तरी?"

ती मान खाली घालून उभी राहिली. सुचेताचा चेहरा पांढरा पडला. माई सुस्कारा टाकून म्हणाल्या, "म्हणजे माझंच खरं." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता हे मला कबूल करायला हवं. पण मी तोंड उघडणार, इतक्यात सिद्धीचं लक्ष पायरीकडे गेलं.

"गौरीचं पुस्तक कुठाय?" ती ओरडली. "कुणी घेतलं? तिची थोडीच पानं राहिलीयत! ती आज जाणार ना? न वाचता कशी जाईल?"

माईंनी गोंधळून पर्सखालचं पुस्तक काढलं. सिद्धीने ते हिसकावलंच. पाळण्यासमोर मांडी घातली, आंब्याचं पान बाजूला केलं आणि गौरीकडे बघून वाचायला लागली. "मा-स्तरांनी म्हशीला पेंड दाखवली. म्हैस उठली नाही. पाटलांनी म्हशीला... काठी दाखवली. म्हशीने काठी खाल्ली." एखाद्या जोडाक्षरावर अडखळायची, मागे जाऊन पुन्हा यायची, पण ओळीमागून ओळ जात होती. फौजदार आले, बँडवाले आले. म्हैस काही उठेना. बायका हसायला लागल्या. धनलक्ष्मी मला कोपराने ढोसून "आमेले? आमेले?" विचारत होती, आणि मी तिला 'मग पुढे काय' ते कानात कानडीत सांगत होते. सुचेता हसत होती की रडत होती कळत नव्हतं. माई पुढे सरकून बसल्या होत्या.

"शेवटी शाळेतली सगळ्यांत लहान मुलगी पुढे आली. ती म्हशीच्या कानाशी गेली आणि..."

सिद्धीने पुस्तक मिटलं.

"आणि काय?" माई म्हणाल्या.

"शेवटचं पान मी वाचणार नाही."

"का गं?"

सिद्धीचा आवाज बारीक झाला. "ते संपलं की गौर जाणार. आणि गौर गेली की तुम्ही मला नेणार. मी ऐकलंय, डॅडी फोनवर बोलत होते."

पोरीने अर्धंच ऐकलं होतं, वाचता आलं तर नेणार नाहीत हे उरलेलं अर्धं नाही, आणि ते अर्धं महिनाभर पोटात घेऊन ती माझ्याकडे लाडू खात होती. मला ते कळलंही नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. माईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"कोण नेतंय तुला?" त्या जरा घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मी आपली सुट्टीला आलेय. इतकं छान वाचणाऱ्या मुलीला पुण्यात नेऊन मी काय शिकवणार? आँ? वाच आता ते पान."

सिद्धीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पुस्तक पोटाशी धरलं.

"बेडा, आत्ता नको. पुढच्या चैत्रात वाचते. गौर आली की."

"अगं, नेत नाही म्हटलं ना मी!"

"तरी."

सगळ्या बायकांनी आर्जवं केली. धनलक्ष्मीने तर आपल्या घरच्या मोरावळ्याची लालूच दाखवली. पोरगी बधली नाही. संध्याकाळी गौरीला दहीभात दाखवून मी डब्यात ठेवलं, तेव्हा सिद्धीने पुस्तक स्वतःच्या हाताने तिच्याखाली ठेवलं आणि स्वतः समोर उभं राहून वासुदेवांना डबा माळ्यावर टाकायला लावला.

निघताना माई दारात घुटमळल्या. सुचेता आणि सिद्धी जिना उतरून गेल्या होत्या. माईंनी खाली वाकून पाहिलं आणि माझ्या अगदी जवळ आल्या.

"अक्का," त्या कुजबुजल्या, "तुम्ही वाचलं असेल ना? उठते का हो ती म्हैस?"

मी त्यांच्या ओटीत मूठभर जास्तीचे हरभरे घातले.

"पुढच्या चैत्रात या," मी म्हटलं.