शुक्रवारचं इंजेक्शन

माझी सून फ्रिज दुरुस्त करते. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना खरं वाटत नाही. दार उघडतात, तिच्या खांद्यावरची अवजारांची पिशवी बघतात आणि तिच्या मागे जिन्यात डोकावून विचारतात, "मिस्त्री कुठे आहे?" ही म्हणते, "आत घेतलंत तर दिसेल." आमच्या गल्लीत तिला मिस्त्रीणच म्हणतात. लग्न ठरलं तेव्हा मीही नाक मुरडलं होतं, खोटं कशाला बोलू? आता मात्र तिच्याविषयी कोणी वाकडा शब्द काढला तर मी त्याला असा झाडते की तो पुन्हा आमच्या दारावरून जाताना मान वर करत नाही.

मी स्वतः चौतीस वर्षं लाँड्रीत इस्त्री केली. कोणाचा हात कामात बसलेला आहे आणि कोण नुसतं मिरवतंय, हे मला लांबून कळतं. हिचा हात बसलेला आहे. आणि हातापेक्षा डोकं.

सातवा महिना लागल्यावर ती कामाला आहे त्या दुकानाच्या मालकाने तिला जड उचलायला बंदी केली. अर्धा दिवस बाहेर, अर्धा दिवस घरून फोनवर तक्रारी घ्यायच्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची, पाय स्टुलावर, कानाला फोन, हातात पेन्सिल. एकदा एक गृहस्थ इतके तापले होते की त्यांचा आवाज मला गॅसपाशी ऐकू येत होता. "काल तुमचा माणूस हात लावून गेला आणि आज फ्रिज बंद! काय समजता काय तुम्ही?" मी असते तर फोनमधून हात घालून त्याची गचांडी धरली असती. ही शांतपणे म्हणाली, "साहेब, आधी काय झालं ते सांगा. आवाज आधी यायला लागला की गारवा आधी गेला?" मग पुढचा प्रश्न, मग त्याच्या पुढचा. शेवटी निघालं काय, तर महिन्यापूर्वी घराला रंग देताना यांनीच फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला होता. मागची जाळी बिचारी घुसमटत होती.

"लोक ज्याने शेवटी हात लावला त्याला धरतात," फोन ठेवून ती म्हणाली. "मला रोज कोणी ना कोणी धरतंच."

"आणि तुला राग येत नाही?"

"येतो की. पण रागावून फ्रिज गार होत नाही ना, आई."

त्याच आठवड्यात दुकानातला तिचा जोडीदार फ्लूने आडवा झाला. चांगला रेड्यासारखा माणूस, दहा दिवस झाले तरी जिना चढताना धापा टाकत होता. आणि त्याच शनिवारी ही तपासणीहून आली, चप्पल काढता काढता सहज म्हणाली, "आई, डॉक्टरबाईंनी फ्लूची लस घ्यायला सांगितलीय."

मी हातातला डबा ओट्यावर आदळला.

कारण सांगते. मुलाच्या आधी मला एक बाळ होतं. आठव्या महिन्यात गेलं, पोटातच. दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि हालचाल थांबली, असं आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या सासूबाई त्याच संध्याकाळी म्हणाल्या होत्या, "सुई टोचून घेतली आणि घालवलं." एवढंच वाक्य. त्या गेल्या, नवरा गेला, वाक्य तेवढं राहिलं. एकतीस वर्षं.

तर माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एक आठवतं, कारण ते बोलताना माझी मलाच लाज वाटत होती आणि तरी मी थांबले नाही. म्हटलं, "घे, खुशाल टोचून घे. पण मग त्या बाळाला मी हात लावणार नाही. सांगून ठेवते!"

मुलगा तिथेच होता. गोगलगाय आहे माझा मुलगा. म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा," आणि मोरीतला नळ गळतोय का ते बघायला गेला. नळ गळत नव्हता. तरी अर्धा तास तो तिथेच होता.

सून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल किंवा फणकारेल. दोन्ही केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती खुर्ची ओढून बसली, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, ठरवणार मी. माझं बाळ आहे, माझं अंग आहे. पण तुमच्या पाठीमागे काही करणार नाही. आठ दिवस द्या. सगळ्यांना विचारते. तुम्हालाही विचारणार आहे, शेवटी."

हा "शेवटी" मला झोंबला. मनात म्हटलं, बघू या काय विचारतेस ते.

मंगळवारी ती डॉक्टरबाईंकडे निघाली तेव्हा मीही निघाले. राखणीला. तिने दुकानाच्या एका कार्डाच्या पाठीमागे पेन्सिलीने प्रश्न लिहून आणले होते. बाहेर बाकावर पंधरा बायका, आणि ही आत जाऊन निवांत एकेक प्रश्न काढते आहे. लशीत काय असतं? त्यानेच फ्लू होतो का? बाळापर्यंत काय पोचतं? घेतली नाही तर काय होऊ शकतं? त्रास झाला तर कसला, किती दिवस?

डॉक्टरबाई चांगली होती, तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. म्हणाली, लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लशीने फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल. गरोदरपणात फ्लू झाला तर मात्र तो छातीत लवकर उतरतो आणि आईबरोबर बाळालाही जड जातं. लस घेतली की आईच्या अंगात जी ताकद तयार होते, त्यातली थोडी बाळाला मिळते. सहा महिन्यांचं होईपर्यंत त्याला स्वतःला ही लस देता येत नाही, तोवर तेवढाच आधार. "आणि घरातल्यांनी घेतलेली बरी," असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"शंभर टक्के फ्लू होणार नाही म्हणता?" सुनेने विचारलं.

"नाही म्हणत. कमी होतो. झाला तर हलका जातो. शंभर टक्के मी कशाचंच सांगत नाही."

सुनेने ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "शंभर टक्के म्हणाली असती तर मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असते."

मला वाटलं, झालं आता. कसलं झालं! ही नर्सबाईंना म्हणते, "लस ठेवता तो फ्रिज बघू का?" नर्सबाई अशा बघायला लागल्या, जणू हिने त्यांच्या घरचं कपाट उघडायला मागितलं. पण मिस्त्रीण आहे म्हटल्यावर हसल्या आणि आत नेलं. हिने आधी आतला तापमापक पाहिला. पाच अंश. मग दारावर लावलेला तक्ता पाहिला, सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहिलेला. एक दिवसही कोरा नव्हता. मग खिशातून कागदाची पट्टी काढली, दारात धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. निघेना. दाराचं रबर घट्ट होतं. असं तिने चारही बाजूंनी केलं, सात महिन्यांचं पोट घेऊन, खाली वाकून. खालच्या कोपऱ्यात पट्टी सुळकन बाहेर आली. "हे रबर दोन-तीन महिन्यांत बदलून घ्या," तिने नर्सबाईंना सांगितलं. "आत्ता काळजी नाही, पण उन्हाळ्याच्या आधी घ्याच." नर्सबाईंनी वहीत लिहून ठेवलं. मी भिंतीला टेकून उभी होते. राग तर होताच, पण काय सांगू, माझी छाती अभिमानाने फुगली होती. एखाद्यावर चिडलेलं असताना त्याचं कौतुक वाटणं फार वाईट, माणूस धड भांडूही शकत नाही.

गुरुवारी दुपारी मी तिचे शर्ट इस्त्री करत होते. आतापर्यंत कोणाला हात लावू दिलेला नाही, घरातली इस्त्री माझीच. ती समोर स्टुलावर येऊन बसली. हातात कार्ड नव्हतं, पेन्सिल नव्हती.

"आई, आता तुमचं सांगा."

"माझं काय सांगायचं? माहीत आहे की सगळ्यांना. इंजेक्शन दिलं आणि गेलं."

"कुठला वार होता?"

"शुक्रवार. तेव्हा आमच्याकडे डॉक्टर शुक्रवारचाच यायचा."

"आणि त्या आठवड्यात तुम्ही कामावर जात होतात?"

"न जाऊन कोणाला सांगते? गुरुवारपर्यंत उभी होते." मी कॉलर उलटी केली. "मंगळवारी तर एक पांढरा शर्ट जाळला होता. चौतीस वर्षांत तेवढा एकच. मालक इतका बोलला, इतका बोलला."

"तुम्ही? शर्ट जाळलात?"

"अगं, डोळ्यांपुढे अंधारी आली. इस्त्री तशीच टेकलेली राहिली. अंग नुसतं भट्टीसारखं..."

मी थांबले.

मी इस्त्री उभी करून ठेवली.

"सोमवारपासून ताप होता," मी म्हटलं. "खोकला होता. सगळ्या लाँड्रीत होता, तिघीजणी घरी बसल्या होत्या, म्हणून तर मला सुट्टी नव्हती. मी अंगावर काढलं."

"आणि शुक्रवारी डॉक्टरकडे का गेलात? ताप जास्त झाला म्हणून?"

मला ती सकाळ दिसली. अगदी लख्ख. शेजारीण दारात उभी होती, हातात बादली. मी तिला म्हटलं होतं, आज गप्प आहे गं. रोज सकाळी लाथा मारतं, आज हललंच नाही. ती म्हणाली होती, उठ, आत्ताच्या आत्ता चल. तिनेच मला हाताला धरून नेलं होतं. डॉक्टरने पोटाला कान लावला, बराच वेळ लावला, आणि मग तापाचं इंजेक्शन दिलं.

मग दिलं. नंतर.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच तर होते तिथे! पण इंजेक्शनने गेलं म्हटलं की डॉक्टरने घालवलं. तसं नाही म्हटलं की मग चार दिवस इस्त्रीपुढे कोण उभं होतं? म्हणून मी ते वाक्य धरून ठेवलं. सासूबाईंनी ते मला मारायला उगारलं होतं, मी त्याच्याच आडोशाला बसले.

हे सगळं मी तिला बोलून दाखवलं, मग रडले. हमसून हमसून रडले, मुलगा बाहेरून आला होता तो दारातूनच परत गेला. तिने मला जवळ घेतलं. पोट मधे आलं म्हणून ते नीट जमेना, तर शेजारी येऊन बसली.

"तापानेच गेलं असेल असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "मी डॉक्टर नाही. आता कोणालाच सांगता येणार नाही. पण इंजेक्शनने नाही, आई. ते आधीच झालं होतं. आणि तुम्ही चार दिवस उभ्या राहिलात ते काही हौस म्हणून नाही. तुम्हाला कोणी बसू दिलं नाही."

मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "मुलगी होती का मुलगा?"

एकतीस वर्षांत हे मला एकाही माणसाने विचारलं नव्हतं.

"मुलगी," मी म्हटलं. "केस दाट होते."

ती मान हलवत ऐकत राहिली. मी केसांचं सांगितलं, बोटांचं सांगितलं. बरंच सांगितलं. आमच्या पिढीत कोणाला जमलं नसतं ते तिला जमलं. भोचकपणा नाही, उपकार नाही, नुसतं विचारायचं आणि ऐकायचं. मी या पोरीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, माझ्या गोगलगायीने आयुष्यात एक काम मात्र शहाण्यासारखं केलं.

"मी शनिवारी घेणार आहे," उठताना ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणायलाच पाहिजे असं नाही. रागवायचं तर रागवा, पण बाळाला घ्या."

"जा गं, मोठी आलीय मला सांगणारी," मी म्हटलं. "मी नाही तर काय तुझा नवरा न्हाऊ घालणार आहे त्याला?"

शनिवारी तिघं गेलो. खुर्चीवर बसली आणि सुई बघितल्यावर या बाईचा चेहरा पांढराफटक. विजेच्या तारांत हात घालते, पाठीवर यंत्रं वाहिली आहेत हिने, आणि एवढ्याशा सुईला टरकली! मुलगा मदतीला पुढे झाला तर तोच हिच्याहून पांढरा. मी त्याला बाजूला केलं, तिचा हात धरला आणि म्हटलं, "माझ्याकडे बघ. तिकडे बघू नको." तिने माझी बोटं अशी आवळली की दोन दिवस दुखत होती. झालं सुद्धा. तिला कळलंही नाही.

नर्सबाईंनी कापूस दिला, तिला अर्धा तास बाहेर बसायला सांगितलं. मी काही उठले नाही. तीच खुर्ची ओढून घेतली आणि बाहीची घडी घालायला लागले.

"मावशी, तुम्हीही घेताय?"

"बाळ येतंय ना घरात."

त्यांनी नवा कागद पुढे ओढला. वय विचारलं. अंड्याने काही होतं का विचारलं, आत्ता ताप आहे का विचारलं. दारात सून उभी होती, कापूस दंडावर दाबून, बाहेर बसायला सांगितलेलं असूनही.

"आणि आधी कधी इंजेक्शनचा काही त्रास झाला होता?" नर्सबाईंनी पेन टेकवून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "इंजेक्शनचा नाही."