टाकीच्या कपाटातली बिजागरी

मी बिजागरी बोलतेय. पण मला शोधायला कुठल्या दाराशी जाऊ नका. मी लोखंडाची नाही. शहराला लागून असलेल्या पडेगावच्या एका फर्निचरच्या कारखान्यातल्या संगणकात मी राहते. खरं कपाट तयार होण्याआधी त्याचं चित्र पडद्यावर उभं राहतं, त्या चित्रातली मी बिजागरी.

मला जन्म दिला तिथं कपाटांची चित्रं काढणाऱ्या मंदारनं. त्यानं सुताराच्या डब्यातली खरी बिजागरी उचलली, दारात बसणारी तिची वाटी मोजली, कपाटाला धरणारा हात मोजला, आणि बघता बघता मी पडद्यावर उमटले. मग त्यानं मला नियम शिकवले. कपाट उंच झालं की मी वर सरकायचं, बुटकं झालं की खाली यायचं. दार फारच उंच असलं तर मधोमध तिसऱ्या बहिणीला बोलवायचं. माणसांची मुलं इतकं ऐकत नसतील!

मंदार पुण्याला गेला आणि त्याच्या खुर्चीवर मोनिका आली. पैठणकडची पोर, शहरात मावशीकडे राहायची. सुरुवातीला मला हलवण्याआधी ती एकच माप चारचारदा तपासायची. तिनं काढलेली एका घरची दारं वाकडी बसली, तेव्हा कारखान्याचे मालक साहेबराव तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"पोरी, हे कंप्युटरचं काम तुझ्यानं व्हणार हाय का नाय? अजून एक दार बिघडलं तर मी आपला सुताराच्या टेपवर परत जातो. तू तुझ्या गावाला जा."

साहेबरावांची शेंद्रा गावची जमीन नव्या कारखान्यांसाठी गेली होती. त्यानंतर त्यांनी हा धंदा उभा केला होता, म्हणून नुकसान त्यांना झोंबायचं. पडदा पुसायच्या निमित्तानं मोनिकानं तोंड फिरवलं. तिला गावी परत जायचं नव्हतं. इथं आल्यावर पहिल्यांदाच आपल्याला काही जमेल असं तिला वाटू लागलं होतं.

तो दोन हजार एकोणीसचा दुष्काळी उन्हाळा होता. शहर चहूकडे वाढत होतं. नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्या नळांना आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. म्हणून आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारायचा, "पाण्याची टाकी कुठं बसवणार?"

आवडाबाई नावाच्या गिऱ्हाइकाचंही तेच होतं. नव्या फ्लॅटमध्ये त्यांना ओट्याशेजारी प्लास्टिकची चौकोनी टाकी ठेवायची होती, पण ती दिसायला नको होती. मोनिका जाऊन टाकी मोजून आली. तिनं टाकीभोवती उंच कपाट काढलं. दार उंच, म्हणून आम्ही तिघी. मधली मी. टाकी आणि माझ्यामध्ये बोटभर जागा होती. सगळं ठीक दिसत होतं.

प्लाय कापायच्या दिवशी मोनिका उशिरा आली. साहेबरावांनी घड्याळाकडे बघितलं.

"पाणी आलं होतं, मालक."

या शहरात त्यावर कुणी रागवत नाही. पण ती खुर्चीवर बसलीच नाही.

"मालक, आवडाबाईंचं कपाट मशीनवर चढवू नका."

"का? पुन्हा चुकलीस व्हय?"

"अजून नाय. पण चुकले असते. टाकी मी रिकामी मोजली. त्यांच्याकडं पाणीच नव्हतं त्या दिवशी."

"टाकी ती टाकी. रिकामी काय न् भरली काय!"

"भरल्यावर पोट येतं तिला. आज मावशीची परात टाकी न् भिंतीच्या मधी अडकली. ओढून निघंना. ही बिजागरी पण तशीच दबंल, मग दार कुठलं लागतंय?"

साहेबराव हसले. "तुझी परात अडकली म्हणून माझं मशीन बंद ठेवू का?" पण हसता हसता त्यांना ती वाकडी बसलेली दारं आठवली. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत देतो. तवर नाय जमलं तर हाय तसं कापणार."

प्लायला एकदा भोक पडलं की ते परत बुजत नाही. मोनिकानं भराभर कामाला हात घातला. कपाट रुंद करायला ओट्याशेजारी जागा नव्हती. मला काढून टाकलं तर दोन बिजागऱ्यांवर दार लोंबलं असतं. मग तिनं चित्रातल्या टाकीच्या बाजू फुगवल्या, त्या मापाला 'पोट' असं नाव दिलं आणि मला नवा नियम शिकवला : पोटाच्या वर राहायचं. मी सरसर वर सरकले आणि वरच्या बहिणीपाशी जाऊन थांबले. दाराचा भार तर वरच असतो. मला तिथं आणखीच बरं वाटलं.

सुट्टीच्या आत काम झालं. प्लाय मशीनवर चढला.

कपाट बसलं, दार रिकाम्या टाकीवर छान लागलं. पण खरी परीक्षा नळाच्या हातात होती. साहेबरावांनीही निकाल राखूनच ठेवला होता. "पाणी येऊ दे, मग बघू," एवढंच म्हणाले.

काही दिवसांनी मोनिकाचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टेबलावर ठेवला. साहेबराव जवळच उभे होते.

"पोरी, पाणी आलं गं! टाकी काठोकाठ भरली बघ," आवडाबाई म्हणाल्या.

"काकू, दार लावून बघा ना."

"थांब की बाई, हात तर पुसू दे."

मोनिका फोनवर वाकली. मग फोनमधून आवाज आला : टक्.

"लागलं गं. कुठं अडलं न्हाय का घासलं न्हाय."

पडद्यावर आम्ही रोज कितीतरी दारं उघडतो-मिटतो, पण त्यांना आवाज नसतो. आपण केलेलं काम कानांवर कसं पडतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

साहेबरावांनी फोन उचलून मोनिकाच्या हातात दिला. मग म्हणाले, "पुढचं घर बी तूच कर."

आता मी कितीतरी स्वयंपाकघरांत जाते. मंदारनं मला रूप दिलं, मोनिकानं शहाणपण दिलं, साहेबरावांनी एक सकाळ दिली. या सगळ्यांना माझा आवाज ऐकू जात नाही, म्हणून त्यांचे आभार तुमच्यापाशी मानले.

मागणं एकच आहे. एक दिवस असा यावा की या शहरातल्या नळांना रोज पाणी असेल आणि टाकीचं कपाट कुणी मागणारच नाही. त्या दिवशी मला कुणी बोलावलं नाही तरी चालेल.