बरणी गिळत नाही

ताईच्या खालच्या जबड्याचा डावा भाग काढावा लागणार हे ठरलं, तेव्हा तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली : आत्ताच्या चेहऱ्याचा एक चांगला फोटो. इस्पितळात दाखल व्हायला नऊ दिवस होते. स्टुडिओत जायला ती तयार नव्हती. परक्या माणसाने हनुवटीला हात लावून मान वळवलेली तिला सोसली नसती. मोबाइलवरच्या फोटोत नाक बटाट्याएवढं येतं, अशी तिची तक्रार.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. एका सहकाऱ्याकडून कॅमेरा आणि स्टँड आणला आणि फोटोग्राफी शिकवणाऱ्या एका मास्तरांकडे शिकायला गेले. मास्तरांनी चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला होता. आता त्याच्याच मागच्या खोलीत शिकवणी घेत. नऊ दिवसांत किती येईल, असं मी विचारलं.

"नऊ दिवसांत फोटो का बिघडला ते कळेल," ते म्हणाले. "न बिघडणारा काढायला वर्ष लागतं, बाई."

उत्तर प्रामाणिक होतं. तरी मी मनाची समजूत घातली की मला एकच तर हवाय.

त्यांनी तीन गोष्टी शिकवल्या. प्रकाश आत येण्याचं छिद्र केवढं ठेवायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, किती वाढवायचा. आयएसओ वाढवला की कमी उजेडातही भागतं, पण फोटोत दाणे उमटतात. मला दाणे नको होते.

ताईला सारखं बसवायचं जिवावर येत होतं, म्हणून खिडकीजवळच्या खुर्चीत उशा रचून तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर काचेची बरणी ठेवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, ही माझी कामाची सवय. आठव्या दिवशी आकडे पक्के झाले. शटर सेकंदाचा आठवा भाग, आयएसओ सगळ्यांत कमी. बरणीच्या लेबलावरचं बारीक अक्षरही वाचता येत होतं.

नवव्या दिवशी दुपारी ताई केस विंचरून, निळा कुडता घालून बसली. "लग्नातसुद्धा इतकी नटले नव्हते, चिमणे," म्हणाली.

पहिले सहा फोटो पुसट आले. मला वाटलं फोकस चुकला. तो बदलला. मग स्टँड सरकवला, मग खुर्ची, मग छिद्र. शटरला हात लावला नाही; ते तर सिद्ध झालेलं होतं.

"अगं, मी माणूस आहे का तुझ्या पाण्याचा नमुना?" ताईने विचारलं. तिसाव्या फोटोपर्यंत ती थट्टा करत होती. चाळिसाव्याला गालावर हात ठेवून बसली. दुखणं थांबवणाऱ्या गोळीचा असर उतरत चालला होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन मास्तरांना फोन केला. सराव कशावर केला, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"बरणी गिळत नाही," ते म्हणाले.

बाहेर येऊन मी ताईकडे नीट पाहिलं. दर दोन-तीन सेकंदांनी ती आवंढा गिळत होती आणि प्रत्येक वेळी दुखून तिची हनुवटी किंचित वर जात होती. अर्धा तास मी तिच्यापासून तीन फुटांवर होते आणि मला हे दिसलं नव्हतं.

मी तिला चूक सांगितली : शटर इतका वेळ उघडं राहतं की तेवढ्यात ती हलते आणि फोटो पुसट येतो. शटर खूप जलद करावं लागेल, उजेड उतरलाय, म्हणजे आयएसओ वाढवावा लागेल, फोटो दाणेदार येईल.

"दाणेदार म्हणजे?"

"जुन्या वर्तमानपत्रातल्यासारखा."

"मग काढ ना. मला आता बसवत नाही."

दोन फोटो झाले आणि ती उठली. पहिल्यात तिचे डोळे मिटलेले. दुसरा तिरका, दाणेदार, पण स्पष्ट. त्यात तिचं तोंड उघडं होतं.

तिने कॅमेरा हातात घेतला. "मी काय बोलत होते?"

"'झालं का गं,' म्हणत होतीस."

ऑपरेशननंतर तिचे शब्द वेगळे उमटतील, किती वेगळे ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं.

ताईने तो फोटो मोठा करून पाहिला. चांगला आलाय, असं ती म्हणाली नाही.

"हा उद्या डॉक्टरांना दाखव," ती म्हणाली. "म्हणावं, एवढं तरी ठेवा."

मी हो म्हटलं आणि तिची बॅग भरायला घेतली.